हो म्हणणारी मान

"जमिनीवर भिऊन घ्यावं, म्हणजे आभाळात भ्यावं लागत नाही."

स्त्राहिल हे वाक्य दिवसातून चार वेळा तरी म्हणायचा. कुलूप लावून पुन्हा ओढून बघताना म्हणायचा, विहिरीचा दोर तपासताना म्हणायचा, चुलीतला निखारा विझला का ते बोटाने बघतानाही म्हणायचा. दोल्नो क्रुशे गावात त्याची नक्कल करायला कुणाला फार कष्ट पडत नसत. कपाळाला आठ्या घालायच्या, खिसे चाचपायचे आणि हे वाक्य म्हणायचं, की झाला स्त्राहिल.

त्याच्या नावातच भीती होती. त्याच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आजीने तिसऱ्याचं नाव भीतीवरून ठेवलं. मरणाने या पोराला भ्यावं, असा तिचा हिशेब. मरण भ्यालं असावं, कारण स्त्राहिल चौऱ्याहत्तर वर्षांचा झाला. पण नावातली भीती बाहेर कुणावर गेली नाही, ती त्याच्यातच मुक्कामाला राहिली.

तरुणपणी तो गावच्या सहकारी शेतीच्या विमानतळावर मिस्त्री होता. विमानतळ म्हणजे काय, तर शेतात टाकलेली काँक्रीटची एक लांब पट्टी, एक पत्र्याची शेड आणि पट्टीच्या टोकाला मातीचा उंचवटा, त्यावर ट्रॅक्टर चढवून विमानाच्या पोटात औषध ओतायचं. बावीस वर्षं त्याने फवारणीची विमानं राखली. पहाटे सगळ्यांच्या आधी जायचा आणि प्रत्येक तार, प्रत्येक खिळा हाताने चाचपायचा. वैमानिक आत बसून दांडी हलवायचा, स्त्राहिल शेपटीमागे उभा राहून पंखांच्या झडपा बघायचा आणि अंगठा वर करायचा. त्या बावीस वर्षांत त्याच्या हातून गेलेलं एकही विमान पडलं नाही. त्याचा त्याला गर्व होता, आणि तो त्याने लपवलाही नाही.

मात्र तो स्वतः एकदाही विमानात बसला नाही. एका वैमानिकाने एकदा गंमत म्हणून त्याला वर न्यायचं ठरवलं, तर हा गडी दुपारपर्यंत गवताच्या गंजीत लपून बसला. संध्याकाळी कपड्यांना गवत चिकटलेलं घेऊन घरी आला, तेव्हा त्याची बायको दोना म्हणाली, "कोंबड्यांनी अंडी कुठे घातलीत ते तरी बघून यायचंस."

पुढे सहकारी शेती मोडली, विमानं गेली, काँक्रीटच्या फटींतून काटेरी झुडपं वर आली. एकुलती एक मुलगी रुम्याना स्पेनला म्हाताऱ्यांची सेवा करायला गेली. दोना वारली. त्या वर्षी रुम्यानाने बापाला एक खोकं पाठवलं. त्यात विजेवर चालणारी मुठीएवढी मोटर होती, बॅटरी होती, दोन दांड्यांचा रिमोट होता. "हात रिकामे ठेवू नका," एवढंच तिने चिठ्ठीत लिहिलं होतं. स्त्राहिलने त्या हिवाळ्यात हलकं लाकूड कापून पहिलं छोटं विमान बांधलं. ते अक्रोडाच्या झाडात गेलं. दुसरं तान्योच्या शेळ्यांच्या गोठ्यावर पडलं, आणि शेजारचा तान्यो आजही सांगतो की त्या वर्षी दूध कमी आलं ते त्यामुळेच.

यंदाचं हे तिसरं.

यंदाच्या जानेवारीत स्त्राहिल अंगणात बर्फावर घसरून पडला. गुडघा गेला. उठता येईना, हाक मारली तर ऐकायला कुणी नाही. कसाबसा सरपटत घरात आला आणि दीड दिवस चुलीपुढे जमिनीवर पडून राहिला. धूर दिसत नाही म्हणून तान्यो बघायला आला, म्हणून वाचला. रुम्यानाला कळलं, तशी ती मार्चच्या शेवटी सुट्टी काढून आली. येतानाच दोन तिकिटं घेऊन आली, सोमवारची.

"ताते, तुम्ही माझ्याबरोबर येताय," ती बापाला म्हणाली.

"कशाने?"

"बैलगाडीने. कशाने म्हणजे? विमानाने."

स्त्राहिल पुन्हा त्या तिसऱ्या विमानाकडे वळला. दोन दिवस ती बोलत राहिली आणि तो पंखाला कागद चिकटवत राहिला. तिसऱ्या दिवशी ती रडली. बापाला मुलीचं रडणं बघवेना, आणि विमानात बसायची कल्पनाही सोसवेना. मग त्याने एक पळवाट काढली. टेबलावरच्या विमानाकडे बोट दाखवून तो म्हणाला, "रविवारी हे उडवतो. उडालं आणि अख्खंच्या अख्खं परत खाली आलं, तर सोमवारी तुझ्याबरोबर येतो. मोडलं तर विषय संपला."

रुम्यानाने आधीच्या दोन विमानांच्या कथा ऐकल्या होत्या. तरी ती म्हणाली, "दिला शब्द?"

"दिला."

शब्द दिला आणि त्या रात्रीपासून त्याला दोन भीती झाल्या. विमान पडलं तर पुढच्या हिवाळ्यात पुन्हा ती जमीन, ती चूल, ती न ऐकू जाणारी हाक. नाही पडलं तर ते आभाळ.

शनिवारी रुम्याना पाव आणायला दुकानात गेली. दुकानदारीण वांकाने विचारलं, "पाव देऊ?" रुम्यानाने मान खालीवर केली. वांकाने पाव परत फळीवर ठेवला. आमच्याकडे नाही म्हणायचं तर मान खालीवर होते आणि हो म्हणायचं तर डावी-उजवी. अंगावरचं पोरसुद्धा हे दुधाबरोबर शिकतं. रुम्यानाच्या स्पेनमधल्या एकोणीस वर्षांनी ते पुसून टाकलं होतं. हात हलवत रिकामीच घरी आली, तेव्हा तान्योची बायको पेंका हसून हसून बेजार झाली. "मुली, तुझं डोकं स्पॅनिश झालं की गं. धडानेच इथं आलीस." स्त्राहिलही हसला. हसण्यावारी गेलेल्या गोष्टीला तो भ्याला नाही, तेवढी एक चूक त्याच्याकडून झाली.

रविवारी सकाळी त्याने विमान शेवटचं तपासलं. दोन बोटांवर पंखाखालून तोलून धरलं; नाक जरासं खाली झुकलं, हवं तसं. पुढचा पंखा हाताने फिरवून त्याच्या कडेवर नख फिरवलं, कुठे चीर नाही. मग बॅटरी जोडली. पंखांच्या झडपा आपोआप थरथरत होत्या. दोन्ही झडपा ओढणारी जी काड्यापेटीएवढी मोटर पंखाच्या मध्यात असते, तिला तो गाढव म्हणायचा. दिवसभर ओढायचं आणि कुणी नाव घ्यायचं नाही, म्हणून. ते गाढव आजारी पडलं होतं.

"आज राहू दे," तान्यो म्हणाला. "आजारी गाढव घेऊन कुणी बाजाराला जातं का?"

"उद्या सोमवार आहे," रुम्याना म्हणाली.

स्त्राहिलने खोक्यातून दुसरं गाढव काढलं. वेगळ्या जातीचं होतं, पण मापात बसलं. पंख टेबलावर उपडा ठेवून त्याने ते बसवलं, दांडी हलवून बघितली. झडपा हलल्या. बरोबर हलल्या, असं त्याला वाटलं. मग सगळं उचलून तिघं जुन्या विमानतळाकडे निघाले.

वारा पश्चिमेचा होता, जरा जोरकस. स्त्राहिलने मनगटावरचा लाल-पांढरा दोरा सोडला. मार्चच्या एक तारखेला तो बांधतात आणि पहिला करकोचा दिसला की सोडतात.

"करकोचा कुठे दिसला तुला?" तान्योने विचारलं.

"हे काय हातात आहे?"

"हा लाकडी. माझ्या गोठ्यावर बसला होता त्याचा भाऊ," तान्यो म्हणाला. दोरा रिमोटच्या एरियलच्या काडीला बांधला गेला आणि वाऱ्याची दिशा दाखवत फडफडू लागला.

विमान वाऱ्यात फेकायला रुम्याना औषधाच्या त्या जुन्या उंचवट्यावर चढली. स्त्राहिलचा गुडघा चढण्यातला नव्हता. शिवाय रिमोटचं बळ कमी करून चाळीस पावलांवरून सगळं हलतं का ते बघायचंच असतं, म्हणून तो तिच्या पाठीमागे पट्टीवर चाळीस पावलं मोजून उभा राहिला. तान्यो त्याच्या शेजारी. रुम्यानाने दोन्ही हातांनी विमान डोक्यावर धरलं.

आणि तेव्हाच त्याला आठवलं. पंख उपडा होता.

उपड्या पंखाचं वर ते खाली. मग सकाळी आपण काय बघितलं? गाढव नव्या जातीचं. ते उलटं ओढत असेल तर? उजवी दांडी केली आणि विमान डावीकडे गेलं तर? उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, पांढऱ्या पंखावर पांढरी झडप. चाळीस पावलांवरून त्याला नुसती हालचाल कळत होती, दिशा नाही. रुम्यानाला खाली बोलवावं असं मनात आलं.

"आता काय राहिलं?" तान्यो म्हणाला. "धर्मगुरूंना बोलावू का, पाणी शिंपडायला?"

स्त्राहिलला लाज वाटली. त्याने बोलावलं नाही. दांडी उजवीकडे केली आणि ओरडला, "रुमे, उजवी झडप वर गेली का?"

रुम्यानाने मान वळवून पंखाकडे पाहिलं. झडप वर गेली होती. बापाचे कान इंजिनांनी कधीच खाल्लेत, बोललेलं ऐकू जायचं नाही, आणि हात तर विमानात गुंतलेले. तिने मान जोरात खालीवर केली.

नाही, म्हणाली ती. म्हणजे उलटंच आहे. स्त्राहिलच्या अंगावर काटा आला आणि त्याबरोबर थोडं समाधानही वाटलं. बघ, विचारलं नसतं तर. जमिनीवर भिऊन घ्यावं. त्याने रिमोटच्या कळा दाबत दाबत दिशा उलटवायची सोय शोधली आणि झडपा उलटवून टाकल्या.

"आता? आता वर गेली का उजवी?"

आता ती खाली गेली होती. रुम्यानाला नवल वाटलं. तिने मान डावी-उजवी हलवली, नाही, नाही.

हो, म्हणाली.

"झालं," स्त्राहिल म्हणाला. त्याने बळ पूर्ववत केलं, दांडी पुढे ढकलली, पंखा गरगरला. "सोड."

रुम्याना क्षणभर थांबली. पण ताते बावीस वर्षांचे मिस्त्री, त्यांना ठाऊक असणार, असं म्हणून तिने विमान वाऱ्यात फेकलं.

हातातून सुटताना छोटं विमान पंख्याच्या झटक्याने जरा डावीकडे कलतंच. स्त्राहिलने सवयीने उजवी दांडी दिली. विमान आणखी डावीकडे कललं. त्याने आणखी उजवी दिली. विमान कुशीवर पडलं, नाक फिरलं, आणि वळून थेट त्या उंचवट्याकडे परत येऊ लागलं, पंखा पुढे करून, रुम्यानाच्या तोंडाच्या उंचीवर.

ती तशीच उभी होती. हात अजून वर.

त्या वेळी त्याच्या डोक्यात काहीही नव्हतं, असं त्याने त्या संध्याकाळी सांगितलं. भीतीसुद्धा नव्हती, तिला आत यायला जागाच नव्हती. हातांनीच काय ते ओळखलं. दांडी दुसऱ्या टोकाला गेली, पंख सपाट झाला, नाक वर उचललं, आणि विमान रुम्यानाच्या डोक्यावरून गेलं. तिचा डोक्याचा रुमाल वाऱ्याने मागे सरकला. मग ती खाली बसली.

विमान वर चढत होतं. भीती तेव्हा आली, एकदम सगळी आली.

"उलटं आहे," स्त्राहिल म्हणाला. "तान्यो, उलटं आहे रे."

"मग सुलटं कर."

"दोन्ही हात गुंतलेत."

"मी दाबतो. कुठली कळ?"

"तू हात लावलास तर शेळ्यांची शपथ घेऊन सांगतो, तुला मारीन."

तान्योने दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि एक पाऊल मागे सरकला.

वर आभाळ मोकळं होतं आणि त्यात ते पांढरं चिमटभर विमान. डाव्या बाजूला झुकलं की स्त्राहिलचा हात उजवीकडे धावायचा. त्याला तो दातओठ खाऊन डावीकडे ओढायचा. चौऱ्याहत्तर वर्षांची सवय एका बाजूला आणि जीव दुसऱ्या बाजूला. दोनदा चुकला. दोनदा विमान उताणं व्हायला आलं. मानेवरून घामाची धार पाठीत उतरत होती. मग त्याला एक गोष्ट सुचली. विमान आपल्याकडे तोंड करून येतं, तेव्हा त्याचं डावं ते आपलं उजवं होतं; तेव्हा जो पंख पडताना दिसेल, त्याच्याकडेच दांडी द्यावी लागते. हे त्याला येत होतं. तेव्हा आज जाणारं विमान येणारं समजायचं, आणि येणारं विमान जाणारं.

"जाणारं ते येणारं," तो पुटपुटू लागला. "येणारं ते जाणारं."

"देवाला बोलावतोय," तान्यो हळूच स्वतःशी म्हणाला, आणि त्याने टोपी काढली.

तीन फेऱ्या झाल्या. विमान त्याचं ऐकू लागलं. आणि तिसऱ्या फेरीत, झाडांच्या वरून वळताना, त्याला एक विचार आला. आता रुम्याना सुखरूप आहे. आता नुसती बोटं सैल सोडली तरी पुरे. कुणी काही म्हणणार नाही. उलटं होतं, पडलं. उद्याचं तिकीट फुकट जाईल, आपण आपल्या जमिनीवर राहू. बोटं खरोखर सैल झाली. विमानाचं नाक खाली आलं, अक्रोडाच्या शेंड्याकडे निघालं.

एक दोन श्वास गेले.

त्याने बावीस वर्षं जे हातून पडू दिलं नव्हतं, ते आताही पडू देववेना. शिवी हासडून त्याने दांडी ओढली. विमान अक्रोडावरून वर आलं, वळलं, आणि येणारं ते जाणारं, येणारं ते जाणारं असं म्हणत म्हणत त्याने ते पट्टीच्या कडेच्या गवतात पोटावर उतरवलं. गवत सरसरलं. पंखा थांबला.

तान्यो धावत गेला आणि दोन्ही हातांवर ते घेऊन आला, बारशाचं मूल आणावं तसं. "अख्खं आहे," तो म्हणाला. मग त्याला स्त्राहिलने दिलेल्या शब्दाची आठवण झाली आणि त्याचा चेहरा उतरला.

रुम्याना उंचवट्यावरून उतरून आली.

"मी सांगितलं होतं की तुम्हाला. पहिल्यांदा बरोबर होतं."

"तू नाही म्हणालीस."

"मी हो म्हणाले, ताते. अशी." तिने मान खालीवर केली.

रिमोटवरचा दोरा फडफडत होता. रुम्यानाने आपलाच हात मानेला लावला, जणू ती दुसऱ्या कुणाची होती. "वांकाच्या दुकानात हेच झालं," ती म्हणाली. "तेव्हा हसलो आपण."

"हसलो."

"चूक माझी. तुम्ही शब्दातून सुटलात असं समजा. मी एकटी जाते." तिने रुमाल पुन्हा डोक्यावर ओढला. "पण हिवाळ्यात..."

स्त्राहिल विमानाच्या झडपेवरून बोट फिरवत होता. "मला विमानाची भीती वाटते हे खरं आहे," तो सावकाश म्हणाला. "पण ती तीन तासांची. तिथे उतरल्यावर काय? कुणी विचारलं, आजोबा, दुखतंय का? मी हो म्हणेन आणि त्यांना नाही दिसेल. पाणी हवं का, तेच. माझं हो आणि माझं नाही दोन्ही तिथे उलटं. म्हाताऱ्याकडे शेवटी उरतं काय, हो आणि नाही, एवढंच."

"मी असेन ना तिथे."

"तू तर आजही होतीस, रुमे."

ती विमानाचं एक टोक धरून बापाशेजारी चालू लागली. घराच्या फाटकापाशी स्त्राहिल थांबला, कडी लावली, पुन्हा ओढून बघितली.

"उलटं होतं तरी उतरवलं," तो म्हणाला, आणि आत गेला.

सोमवारी सकाळी त्याने विमान दोरीने छताला टांगलं, बॅटरी काढून कोरड्या डब्यात ठेवली, आणि किल्ली तान्योच्या हातात दिली. अंगात लग्नातला कोट होता. चेहरा पिठासारखा पांढरा. बॅगेत पेंकाने चीज भरून भाजलेली बानित्सा बांधून दिली होती, तिचं तूप कागदाला फुटलं होतं. खिशांतलं त्याने चारदा चाचपलं. चारदा तेच म्हणाला, जमिनीवर भिऊन घ्यावं. पुढचं मात्र म्हणाला नाही.

निघणाऱ्याची वाट पाण्यासारखी सरळ व्हावी, म्हणून पेंकाने तांब्याच्या भांड्यातलं पाणी उंबऱ्यापुढे ओतलं. स्त्राहिल त्या ओल्यावरून चालत गेला. बसचा थांबा गावाच्या टोकाला, चढावर. रुम्याना बॅग घेऊन पुढे गेली होती.

"स्त्राहिल," तान्योने फाटकातून हाक मारली, "परत येणार ना रे?"

स्त्राहिल वळला. त्याने हाक ऐकली की नुसता तान्योचा चेहरा वाचला, कोण जाणे. त्याने मान हलवली, खालीवर, सावकाश, दोनदा. मग गुडघा सांभाळत चढ चढू लागला.

"नाही म्हणाला," तान्यो म्हणाला. त्याच्या हातातली किल्ली घामाने ओली झाली होती.

"गप," पेंका म्हणाली. "तो तिकडची मान शिकतोय. हो म्हणाला."

बस आली. दोघं फाटकात उभे राहून बघत होते. कोटाची पाठ लहान लहान होत गेली, आणि ती जाणारी समजावी की येणारी, यावर त्या दोघांचं अजूनही एकमत झालेलं नाही.